चणियाचोळीचा डेटाबेस

३ सप्टें.

गोकर्णहून परत येऊन आठवडा झाला. बाबांशी अबोला, म्हणून मुक्काम वाडीत, मावशीकडे. बाबा मकरपुऱ्यात, मी इथे, मधे आख्खं बडोदं. बरं आहे.

मावशीचं घर म्हणजे कपडे. शाळांच्या गॅदरिंगला, नाटकांना ड्रेस भाड्याने देते. आता नवरात्र येतंय म्हणून नुसत्या चणियाचोळ्या. पलंगावर चणिये, म्हणजे घागरे, पलंगाखाली चोळ्या, ओढण्या दाराच्या मागे. वहीबिही नाही, सगळं डोक्यात. मोठ्याने बोलते आणि त्याहून मोठ्याने लक्षात ठेवते.

आज एक गिऱ्हाईक आलं, तेजलबेन. गोत्री रोडला हिची छोटी कंपनी आहे, दुसऱ्यांच्या धंद्याचा डेटा नीट लावून देतात. ऑफिसच्या गरब्यासाठी अकरा जोड हवेत. मी ओटल्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. डेटाबेसचं काहीतरी बघत होते. गोकर्णच्या कॅफेत एकाने शिकवायला घेतलं होतं, मग तो केरळला गेला. बाई वाकून बघायला लागली.

काय शिकलीस? बी.कॉम., दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग काय केलंस? होस्टेलात रिसेप्शन, कॅफे, एक महिना सर्फिंगवाल्यांचे बोर्ड पुसले. हसली नाही. म्हणाली, आमच्याकडे एक शिकाऊ जागा आहे, डिग्री नको. "तारा पोताना मशीन पर डेटाबेस उभो कर. कोई साची वस्तुनुं मॉडेल बनाव." म्हणजे स्वतःच्या मशीनवर, खऱ्या कशाचंतरी. नवरात्राच्या आत आणून दाखव.

मावशी आतून: "अहो तिला काय सांगताय? ही उद्या सकाळी इथे असेल की नाही, ते मलाच माहीत नसतं!"

जागा हवी आहे. इथे लिहून ठेवते, कारण मला काही हवं असलं की चार दिवसांत दुसरंच काही हवं असतं.

४ सप्टें.

कशाचं मॉडेल करायचं हा प्रश्नच आला नाही. मान वर केली तर समोर चणिये.

डेटाबेस पोस्टग्रेस घ्यायचा ठरवलं. फुकट. (यापुढे पो.) आधी कंटेनरवाल्या पद्धतीने, म्हणजे वेगळ्या बंद डब्यात, बसवायला गेले. लॅपटॉप जुना, पंखा चढावर रिक्षा ओरडते तसा ओरडायला लागला. बंद केला. गार होईपर्यंत सेव-उसळ खायला गेले. वाटेत एक माणूस ढोलाला शाई लावत होता, तिथे उभी राहिले. तो म्हणाला, बसा की. बसले. घरी आले तेव्हा दिवेलागण.

आज शून्य काम. ढोल मात्र छान वाजत होता.

५ सप्टें.

मावशीने सकाळी फर्मान काढलं. उद्या विसर्जन, परवापासून पितृपक्ष. "नवीन काय करायचंय ते आत्ता कर. श्राद्धात नको."

"विकत नाही आणत गं, फुकट आहे."

"फुकटचं असलं तरी नवीन ते नवीनच." एवढ्यात तिला स्क्रीनवर निळा हत्ती दिसला, पो.चं चिन्ह. म्हणाली, "हत्ती आहे होय? मग गणपती बसलेत तोवरच बसव."

लॅपटॉप गणपतीशेजारी पाटावर. झाकणाला हळदकुंकू. थोडं कुंकू बिजागरीत गेलं, निघत नाही. यावेळी सरळ इन्स्टॉल केला, कंटेनर वगैरे काही नाही. बसला! उघडायला गेले तर म्हणतो, 'ऊर्मी' नावाचा रोल अस्तित्वातच नाही.

बाबा हेच सांगत आलेत, लांबण लावून.

शोधलं. आधी आत एक मुख्य वापरकर्ता असतो, त्याच्या नावाने शिरायचं आणि मग स्वतःला तयार करायचं. केलं. स्वतःला तयार करायला एक ओळ लागली. मग काळ्या पडद्यावर माझं नाव आणि पुढे लुकलुकणारी रेघ. काही बोलत नाही. थांबतो, बस्स.

मग वायफाय बंद करून बघितलं. तरी चालतोय! कुणाचा पासवर्ड मागायला नको, कॅफेवाल्याला अजून एक चहा सांगायला नको. सगळा कारखाना माझ्या मांडीवर. खूप वेळ उगीचच विचारत बसले, २ + २ किती, आज तारीख काय. प्रत्येक वेळी नीट उत्तर.

८ सप्टें.

पहिलं टेबल. नाव 'जोड'. एका ओळीत एक जोड: रंग, माप, चणिया, चोळी, ओढणी. मापाच्या कॉलमला अट घातली, २८ ते ४६ मधलाच आकडा. मावशीने सांगितलं तसं "जरा मोठी" टाकून बघितलं. नाही म्हणाला. शांतपणे, कोणती अट मोडली तिचं नाव सांगून.

मला आजवर जो जो नाही म्हणाला त्याने नंतर भाषणही दिलं. हा देत नाही. चूक दुरुस्त केली की लगेच घेतो, मनात ठेवत नाही. असं माणूस मी बघितलेलं नाही.

ते.बेनला फोटो पाठवला. उत्तर: "जोड एटले शुं?" जोड म्हणजे काय. मी लिहिलं, चणिया + चोळी + ओढणी. तिचं उत्तर: "पक्कुं?"

बस, एवढंच. पक्कं नाहीतर काय. तीन कपडे. मराठीत जोड म्हणजे दोन, इथे तीन, एवढं मी ध्यानात घेतलंय ना.

१० सप्टें.

मावशीने डभोईला पाठवलं, शिवायला टाकलेल्या चोळ्या आणायला. चोळ्या दहा मिनिटांत मिळाल्या. मग तिथला वेशीचा जुना दरवाजा. दगडात कोरलेले नाचणारे लोक, एकेकाचा हात तुटलेला तरी नाच चालू. बघत राहिले. गाडी चुकली. पुढची बस कुठे जाते ते न बघता चढले.

कॅफेवाल्या सनीचा मेसेज गोकर्णहून: ऑक्टोबरपासून कॅफे परत उघडतोय, येतेस का, जागा धरून ठेवतो. 'बघते' लिहिलं. मी 'बघते' लिहिलं की जाते, हे त्यालाही माहीत आहे.

आज पो. उघडला नाही. घरी आल्यावर चोरासारखं वाटलं.

१२ सप्टें.

गोंधळ. माझ्यामुळे.

सकाळी मावशी खंडेराव मार्केटला भाजीला गेली होती. इंदुबेनचा फोन. आपल्याच वाडीतला बायकांचा गरबा ग्रुप, वर्षानुवर्षं मावशीकडूनच नेतात. त्यांना दुसऱ्या माळेला लाल-हिरवे आठ जोड हवेत. मी ऐटीत टेबल बघितलं. लाल-हिरवे सगळे जोड ते.बेनच्या नावावर. म्हटलं, सॉरी इंदुबेन, नाहीत. त्या म्हणाल्या, "ना होय!" असं होणंच शक्य नाही. मी म्हटलं, सिस्टिममध्ये बघून सांगतेय. 'सिस्टिम' म्हटलं मी, हो.

मावशी आली. सांगितलं. भाजीची पिशवी तशीच हातात.

"नाही म्हणालीस? इंदुला?"

"सगळे बुक आहेत ना."

"काय बुक आहे? पलंगावर लाल चणियांचा डोंगर पडलाय, दाराच्या मागे हिरव्या ओढण्या लटकतायत आणि तू नाही म्हणालीस? कुणाला विचारून?"

स्क्रीन दाखवली. बघितलीसुद्धा नाही. इंदुबेनला फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मग मावशी माझ्याशी बोललीच नाही. ती गप्प आहे म्हणजे खरंच लागलंय.

बॅगेला चेन लावून बघितली. सवय. परत उघडली.

१३ सप्टें.

सकाळी उठून मावशीच्या मागेमागे. बोलत नव्हती, पण बघू नकोस असंही म्हणाली नाही. एक शाळेची बाई मुलींना घेऊन आली, जोड हवेत. मावशीने मुलीकडे एकदा बघितलं, पलंगावरून चणिया ओढला, खालून चोळी काढली (मुलगी बारीक पण खांदे रुंद, म्हणून चोळी एक माप मोठी), ओढणी तिसरीकडूनच. जोड झाला. पुढच्या मुलीला तसलाच चणिया, चोळी वेगळी, ओढणी भलतीच. तोही जोड.

म्हणजे या घरात जोड नावाची वस्तूच नाहीये! मी अकरा जोड लिहिले, त्यातला एकही कुठे ठेवलेला नाही. आहेत ते सुटे कपडे. जोड मावशी जागच्या जागी लावते, माणूस बघून. परत आला की मोडला. आणि मी ते टेबलात आधीच एकमेकांना शिवून, टाके घालून बसले होते, एकाची चोळी अडली की त्याचा चणियाही अडला.

धावत आत. पो.मध्ये दोन टेबलं एकत्र करायच्या आज्ञेला जॉइन म्हणतात. जोड! साठवत नाहीतच ती, विचारलं की तेवढ्यापुरती लागते. आठवडाभर हा शब्द टाइप करतेय मी, आणि मावशी तो जन्मभर करतेय. "पक्कुं?" आत्ता कळला. ते.बेन, साष्टांग.

मावशीला सांगितलं. पहिल्यांदा बोलली: "हे कळायला तुला हत्ती लागला?"

मग नव्या टेबलाला नाव काय द्यायचं. एकेका सुट्या कपड्याला मावशी गुजरातीतला शब्द वापरते, नंग. मराठीत नग. तेच ठेवलं. "बरोबर आहे," मावशी म्हणाली, "एक नग आधीच आहे घरात, गोकर्णहून आलेला."

बोलायला लागली.

१४ सप्टें.

इंदुबेनकडे चालत गेले. खांद्यावर लाल चणिये, हातात हिरव्या ओढण्या. गल्लीतली मुलं मागे. त्यांनी दार उघडून आधी माझ्याकडे, मग चणियांकडे बघितलं.

"तमारा कॉम्प्युटरे ना पाडी हती ने?"

"कॉम्प्युटरने नाही, मी. त्याला मीच चुकीचं सांगितलं होतं."

रावपुऱ्यात दुसऱ्या एका ड्रेसवाल्याशी बोलून झालं होतं त्यांचं. चणिया उलटा करून शिवण बघितली, घेर जमिनीवर पसरला, स्वतः एक गिरकी घेतली. सत्तरीच्या आहेत. "आमां फरवानी मजा आवे," म्हणाल्या. यात फिरायला मजा येते. रावपुऱ्याला 'नको' म्हणून कळवलं. सात जोड नक्की, आठवा जिच्यासाठी होता ती सून माहेरी गेली.

सरबत दिलं. आणि एक टोमणा: पुढच्या वर्षी फोन मावशीलाच करीन.

१६ सप्टें.

जुनं टेबल पुसलं, सगळं नव्याने. नग, गिऱ्हाईक, बुकिंग, आणि चौथं टेबल, कुठल्या बुकिंगमधे कुठला नग. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला कापडी पट्टी शिवून नंबर. मावशी शिवत होती, मी टाइप करत होते. दिवसभर. कुठेही गेले नाही. (ढोलवाला हाक मारून गेला.)

आज पो.चं एक भारी सापडलं. त्याला सांगता येतं: एकच नग, एकाच काळात, दोन बुकिंगना द्यायचा नाही. नुसती एक अट. मग तुम्ही विसरा, तो विसरत नाही. मुद्दाम फसवून बघितलं, तारखा एका दिवसाने सरकवून, महिना बदलून. प्रत्येक वेळी पकडलं. टाळी वाजवली मी एकटीने.

मावशी आली, "मला दाखव." तिने सांगितलेलं टाकलं: पिवळा चणिया, पहिली माळ, शाळा. तोच चणिया, पहिली माळ, सोसायटीचा गरबा. पो. म्हणाला नाही.

"का नाही? शाळा सकाळी. गरबा रात्री. मधे मी इस्त्री मारते. सांग त्याला, सकाळ वेगळी, रात्र वेगळी."

बरोबरच आहे. तारखेऐवजी वेळ घातली, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत, वर इस्त्रीचा अर्धा तास. घेतला! मावशी कपाळावर घाम पुसत: "आता शिकला." हत्तीला म्हणाली की मला, माहीत नाही.

१७ सप्टें.

सगळी खरी बुकिंगं आत घालायची ठरली. मावशी डोळे मिटून सांगते, मी टाकते. रेल्वे कॉलनी, दोन शाळा, इंदुबेन, ते.बेनचं ऑफिस. मधेच मरून रंगाचा भरजरी चणिया आला, तो एकच आहे. ते.बेनच्या ग्रुपमधल्या गाणाऱ्या मुलीला.

पो.: नाही. टक्कर होते.

"कसली टक्कर? बिघडलाय तो."

बघितलं. तोच चणिया, तीच रात्र, रेल्वे कॉलनीतल्या बाईंना. सकाळीच मावशीने स्वतः सांगितलेला.

मावशीने डोळे उघडले. चष्मा लावला. मग पट्टीवरचा नंबर दोनदा वाचला. मला काही म्हणायचा हक्क नव्हताच. शेवटी म्हणाली, "दोघी एकाच ग्राउंडवर आल्या असत्या गं. उघड्या मैदानात एक चणिया दोघींना कुठून घातला असता मी?" आणि हसायला लागली. थांबेचना.

रेल्वेवाल्या बाईंना जांभळा. खूश आहेत.

जेवताना स्वतःहून म्हणाली, यंदा नवरात्रात मी डोकं मोकळं ठेवते, तू आणि तो बघा. नंतर कुणालातरी फोनवर सांगत होती, "भाची आहे ना, तिने बसवलंय." आवाज नेहमीपेक्षा मोठा.

१९ सप्टें.

गोत्री रोड. तिसरा मजला, लिफ्ट बंद. लॅपटॉप छातीशी धरून.

ते.बेनने आधी पाणी दिलं. मग शांतपणे सगळं बघितलं. चारही टेबलं, अटी, इस्त्रीचा अर्धा तास. तिथे थांबली. "आ कोणे कह्युं?" मावशीने. मान हलवली. पहिलं टेबल का पुसलं ते विचारलं. इंदुबेनची आख्खी गोष्ट सांगितली, 'सिस्टिम' म्हटलं होतं तेसुद्धा. तेव्हा हसली.

फार सुंदर बघते ती. तुमच्या चुकीकडे अशी बघते की ती चूक कुठून आली ते तुम्हालाच दिसायला लागतं.

मग म्हणाली, "सरस. हवे ड्रॉप कर."

काय?

आता सगळा डेटाबेस उडव, म्हणाली, आणि माझ्यासमोर पुन्हा उभा कर. लोकल, म्हणजे तुझ्याच मशीनवर, आहे ना? सरावाचा आहे ना? लोकल असतोच मोडायला. मोडून उभा करता येतो की नाही, तेच बघायचंय मला.

आज्ञा टाइप केली. ड्रॉप डेटाबेस आणि नाव. फक्त एंटर उरला. आत मावशीचं आख्खं नवरात्र. दुसरीकडे कुठेच नाही, आता तिच्या डोक्यातही नाही. कॉपी? कॉपी काढलीच नव्हती. सुचलंच नव्हतं.

म्हटलं, नाही करणार.

"केम?"

सांगितलं, यात खरी बुकिंगं आहेत. कॉपी नाही काढलेली. उडवलं तर सोमवारी बायका येतील आणि मावशीकडे काही नसेल.

ती मागे टेकली. पंखा फिरत होता. म्हणाली, म्हणजे सरावाच्या जागेत तू खरं सामान ठेवलंस, वर कॉपीही नाही. हो. ही मोठी चूक आहे, माहीत आहे? आत्ता कळली. आणि तरी एंटर दाबला नाहीस. नाही.

मग उठली, "कळवते."

जिन्यात सनीचा मेसेज. येतेस ना? मोबाइल तसाच खिशात टाकला.

२० सप्टें.

कळवलेलं नाही.

आज आधी कॉपी. पो.चा एक हुकूम सगळं एका फाइलीत ओतून देतो. ती फाइल पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह मावशीच्या तांदळाच्या डब्याशेजारी. मग दुसरा डेटाबेस, नाव 'सराव'. त्यात खोट्या बायका, खोटे चणिये. तो उडवला. पुन्हा उभा केला. पुन्हा उडवला. तिसऱ्यांदा न बघता जमलं. मोडायची भीती गेली की बांधणं किती हलकं होतं. हे तिला दाखवायचं होतं मला. कालच.

मावशी: "नाही म्हणाली का बाई?"

"काहीच नाही म्हणाली."

"मग? तू काय करणार?"

भेंडी बाजूला सारली, मोबाइल घेतला.

सनीला लिहिलं: जागा धरू नकोस. इथे जागा मिळालेली नाही, तिथली सोडली. असं कधी केलं नव्हतं. आजपर्यंत पुढची जागा धरूनच आधीची सोडत आले.

२३ सप्टें. सकाळ

काल घटस्थापना. दुपारपासून दारात रांग. मावशी जोड लावते, मी नंबर टाकते, पो. मान डोलावतो. एकदाही टक्कर नाही. इंदुबेनही आल्या. त्यांचे दुसऱ्या माळेचे, पण एक दिवस आधीच घेऊन जाते म्हणाल्या, इस्त्रीचा भरवसा नाही. मला विचारलं, "तारी सिस्टिम हा पाडे छे के ना?" हा पाडते, हो म्हणतेय सगळ्यांना, म्हटलं. संध्याकाळी विचारून बघितलं, चणियांतलं घरात काय काय उरलंय. उत्तर: शून्य ओळी. मावशी रिकाम्या पलंगावर आडवी पडली. या महिन्यात पहिल्यांदाच तिथे जागा होती.

मग ग्राउंडवर गेले, नाचायला नाही, बघायला. आणि काय दिसावं. सगळे माझे नग! तो पिवळा, सकाळी शाळेत गेलेला, इस्त्री होऊन आलेला. तो जांभळा. मरून, कमरेला मावशीचा आडवा टाका असलेला. एकेकाचा नंबर मला पाठ, आणि इथे नंबर कुठे दिसतो? मी ओळीत लावलेलं सगळं गोल फिरत होतं. घेर उघडतायत, मिटतायत, चोळी एकीची, ओढणी दुसरीकडची, काही कशाला शिवून ठेवलेलं नाही आणि तरी काय शोभत होतं. डोळे भरून आले, धुळीमुळे असेल.

ते.बेन तिच्या ग्रुपमधे. घामाने चिंब. मला बघितलं, वर्तुळातून बाहेर आली, दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवले आणि काहीतरी म्हणाली. लांबलचक. ढोल नेमका तेव्हाच चढला. मी ओरडले, काय? तिने पुन्हा सांगितलं. नाही ऐकू आलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, मान हलवली. तिनेही हलवली, हसली, आणि टाळी देत वर्तुळात गेली.

हसली म्हणजे हो, असं काही नाही. ती इंदुबेनच्या गोष्टीवरही हसली होती.

'गुरुवार' एवढा शब्द नक्की होता त्यात. गुरुवारी लॅपटॉप घेऊन गोत्री रोडला जातेय, मग कळेल.